टाका की गोळी

वॉर्डातले डॉक्टर तिला गमतीनं ‘दुभाषी’ म्हणायचे. ते जे बोलत ते बायकांच्या डोक्यावरून जायचं. तेच ही सिस्टर बोलली की बायका माना डोलवायच्या. म्हणून गर्भाशयाचं तोंड आखूड असलेल्या गरोदर बायकांवर संशोधन सुरू झालं तेव्हा समजावून सांगायचं काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं.

“बाळ लवकर होऊ नये म्हणून दोन उपाय आहेत,” ती सांगे. “एक तर पिशवीच्या तोंडाला टाका घालायचा, नाहीतर रोज गोळी घ्यायची. दोन्ही आजही देतात. सरस कोणतं, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला काय द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवणार.”

“डॉक्टरांनाही ठाऊक नाही?” बायका डोळे विस्फारत.

“नाही ना! पण कबूल तरी करतात, तेवढं पदरात पाडून घ्या,” असं ती म्हणाली की बाई हसायची आणि भीती थोडी उतरायची.

मग तिच्या धाकट्या नणंदेला दिवस राहिले. नणंदेचं आधीचं एक बाळ सहाव्या महिन्यातच गेलं होतं. या खेपेला सोनोग्राफीत पिशवीचं तोंड आखूड दिसलं, तेव्हा ती म्हणाली, “वहिनी, तू आहेस तिथे, मग मी पण येते त्या संशोधनात.”

“मी नात्यातली. तुला दुसरी सिस्टर समजावेल. नीट ऐक, पटलं नाही तर सरळ नाही म्हण.”

नणंदेनं ऐकलं, हो म्हणाली. त्याच संध्याकाळी ओट्याशी उभ्या सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, “तू आतली माणूस. टाकाच घालायला लाव. बांधलेलं असलं म्हणजे जिवाला घोर नाही.”

“आई, तिथे माझा हात पोचत नाही. आणि पोचला तरी मी ढवळाढवळ करणार नाही.”

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे तिला बोलताक्षणी कळलं.

नणंदेच्या वाट्याला गोळी आली. तिनं एकही चुकवली नाही. तरी सातवा लागता लागता कळा सुरू झाल्या. मुलगा झाला. काचेच्या पेटीत थोडे दिवस झुंजला आणि गेला.

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. सासूबाई तिच्यापुढे चहा ठेवत, पण बोलत नसत. नवरा म्हणाला, “तुझा काय दोष?” पण तोही तिच्याकडे न बघता. नणंदेनं अबोला धरला. वॉर्डात ‘कुणालाच ठाऊक नाही’ म्हणताना आता तिची जीभ अडखळायची. आपल्याला ठाऊक असायला हवं होतं असं वाटायचं, आणि पुढच्याच क्षणी वाटायचं, कसं असणार?

दोनेक वर्षांनी निकाल लागला. दोन्ही उपाय जवळपास सारखेच निघाले. तिला सुटल्यासारखं झालं. ड्युटी संपताच ती नणंदेच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली.

“निकाल लागला. टाका काय, गोळी काय, फार फरक नाही.”

नणंद मशीनमध्ये कागद भरत होती. तिचे हात थांबले. “म्हणजे टाका घातला असता तरी गेलाच असता?”

इथे ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं! पण दुभाषीच्या तोंडून ते निघेना.

“ते नाही सांगता येत गं. सगळ्यांचं मिळून सांगता येतं. एकटीचं नाही.”

“मग मी कुणावर चिडू, वहिनी?” नणंदेनं हातातले कागद मशीनवर टाकले. “तुझ्यावर चिडत होते, तेवढाच आधार होता.”

“मग चिड की. मी कुठे पळून चाललेय?”

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. नणंदेनं पदरानं डोळे टिपले, प्रती काढून दिल्या, सुटे परत केले. मग कोपऱ्यातलं स्टूल पायानं वहिनीकडे सरकवलं. दोघी बराच वेळ बसल्या. वहिनीनं भाच्याचं नाव काढलं नाही, आणि निकालाचंही.

येणंजाणं पुन्हा सुरू झालं. सासूबाईही हळूहळू बोलू लागल्या, भाजीपाल्याचं, दुखऱ्या गुडघ्यांचं. नव्या संशोधनासाठी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मात्र तिनं हात जोडले आणि प्रसूतिकक्षात ड्युटी मागून घेतली. नणंद दवाखान्याच्या रस्त्यानं अजूनही जात नाही. लांबचा वळसा घेते.