आखाजीचे पत्ते आणि कॅनडाचा अर्ज

कॅनडात कायम राहण्याच्या अर्जात दादाला विचारलं होतं, तुम्हाला कधी गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? त्याने 'नाही' लिहिलं. त्याला तो गुन्हा वाटलाच नव्हता. कॉलेजात असताना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो धुळ्याजवळच्या आमच्या गावी गेला होता. आखाजीला आमच्याकडे माहेरवाशिणी झोके घेतात आणि पुरुष उघड्यावर पैसे लावून पत्ते कुटतात. त्या वर्षी पोलीस आले आणि डावात बसलेला दादाही पकडला गेला. मोठ्या काकांनी, म्हणजे आबांनी, दादाला कोर्टात गुन्हा कबूल करायला लावला, दंड भरला आणि येताना सगळ्यांना उसाचा रस पाजला.

आता पोलिसांच्या दाखल्यात ती शिक्षा निघाली. तिकडून विचारणा झाली, शिक्षा का लपवली? खुलासा पटला नाही तर दादा-वहिनीला गाशा गुंडाळून परत यावं लागणार होतं.

आबा जळगावला आमच्या घरी येऊन बसले. "आखाजीले पत्ता खेयनं, हाऊ काय गुन्हा शे? बठ्ठं गाव खेयस."

त्यांचा तोडगा तयार होता. दादाचा अर्ज मी भरला, मीच चुकून 'नाही' लिहिलं, असं मी इंग्रजीत लिहून द्यायचं. तो अर्ज मी डोळ्यांनीही पाहिला नव्हता.

"मी खोटं लिहिणार नाही," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की आईने परत विचारलं, काय म्हणालीस?

"मंग तुले इंग्रजी शायमा कसाले टाकं व्हतं?" आबा म्हणाले. मग बाबांकडे वळून, "हाई पोर आपली शे का तठली?" तठली म्हणजे तिकडची, कॅनडावाल्यांची.

"एक सही करायला काय जातं तुझं?" बाबा म्हणाले.

मी उठले. माझ्या न बोलण्याला हे लोक नेहमी होकार समजतात, त्याचा मला संताप येतो.

खोलीत जाऊन मी खरं ते लिहिलं: सण, धाड, कबुली, दंड, आणि हे सगळं गुन्ह्यात मोडतं हे त्याला कळलंच नाही, हेही. दादाच्या नावाने लिहून त्याला पाठवलं. त्याचा फोन आला.

"त्यातलं ते कन्व्हिक्टेड काढ."

"काढलं तर परत लपवल्यासारखंच होईल."

"वकील झालीस का गं?" त्याने फोन कापला.

शेवटी त्याने तेच पत्र तसंच पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही. अर्ज फेटाळला तर तो माझ्यामुळे, हे आबांनी गावभर आधीच सांगून ठेवलंय. वहिनीने मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंय. आई म्हणते, आबांच्या एकदा पाया पड, विषय संपव. मी पडलेली नाही.