बेलरच्या दारामागचा आवाज

“ऐकायचं नाही, पाहायचं.” ट्रॅक्टरवर लिव्हरपाशी जो कोणी बसला असेल त्याला हे बजावल्याशिवाय भाऊ पान्याला हात लावत नसत. मागून कोणी कितीही ओरडलं तरी लिव्हरला धक्का लावायचा नाही. ते स्वतः मशीनमागून पुढे येतील, समोर उभे राहून मान हलवतील, मगच.

शहपुऱ्याकडे आमची शेती आहे. धान निघाल्यावर शेतात पडलेलं तणस गोळा करून त्याचे गोल गठ्ठे बांधणारा बेलर आम्ही घेतला आणि त्याच्यापाठोपाठ तो दुरुस्त करायला मेकॅनिक भाऊ आमच्याकडे येऊ लागले. बेलरला मागे भलंमोठं लोखंडी दार असतं. तेलाच्या दाबाने ते वर उचललं जातं आणि गठ्ठा घरंगळत बाहेर येतो. तेलाने दगा दिला की सगळं काम ठप्प. मग मी शहरातल्या, नेपियर टाउनमधल्या घरून भाऊंना फोन करायची.

तोही साधा चालत नसे. “व्हिडिओवर या, दीदी. तोंड दाखवा.” मी तोंड दाखवलं की मगच मशीनची विचारपूस. बाजारात पाठीमागून हाक मारली तर वळायचे नाहीत. पुढे जाऊन उभं राहावं लागे. आम्ही हसायचो. अशी विक्षिप्त माणसं तुमच्याही ओळखीची असतील, आणि तुम्हीही हसलाच असाल. तेही हसत. टाकीचं झाकण उघडून वास घेत आणि म्हणत, “तेल जळून राहिलं, दीदी. याला पण ॲसिडिटी झाली.”

गेल्या हंगामात आमच्या बेलरचं दार वर टिकेना. उचललं की हळूहळू खाली बसायचं. ड्रायव्हर सुट्टीवर होता म्हणून लिव्हरपाशी मीच होते. भाऊंनी दार वर घ्यायला लावलं, खाली लोखंडी टेका दिला, पण दाराला थोडी जागा सोडून. सिलिंडरजवळचा कॉक बंद केला, चकचकीत दांड्यावर खडूने रेघ ओढली आणि इंजिन बंद करवलं. “रेघ सरकली तर सिलिंडरचं सील गेलं. नाही सरकली तर दोष ट्रॅक्टरकडे.” आता फक्त वाट पाहायची होती. आम्ही बांधावर बसलो.

मी सहज विचारलं, “भाऊ, आवाजाला एवढं काहून भिता?”

ते रेघेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “माझा एक जोडीदार होता. आम्ही दोघं मिळून हेच काम करायचो. तो असाच दाराखाली अडकलेलं तणस काढून राहिला होता. मी ट्रॅक्टरवर. इंजिन चालू. मी ओरडून विचारलं, घेऊ का? आवाज आला, ‘घ्या.’ मी दार खाली घेतलं.”

भाऊंनी हातातला खडू खिशात टाकला.

“तो मला कधी ‘घ्या’ म्हणत नव्हता, दीदी. लहानपणापासून तू-तुकारी आमची. शेतात तिसरं कोणीच नव्हतं. मग कोण बोललं?”

रेघ बोटभर सरकली होती. भाऊ उठले. त्यांनी सील बदललं, पुन्हा इंजिन लावायला सांगितलं, दार वर गेलं आणि ते टेका काढायला मागे गेले.

तेव्हा मी ऐकलं. “घ्या.” पुरुषाचा आवाज, जरासा चिडका. माझा हात लिव्हरकडे गेला आणि भाऊ दिसत नाहीत म्हणून तिथेच थांबला. थोड्या वेळाने ते टेका घेऊन पुढे आले.

“तुम्ही घ्या म्हणालात?”

त्यांच्या हातातून टेका पडला. मी इंजिन बंद केलं. त्यांनी मशीनभोवती फेरी मारली, शेताच्या टोकापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, “कधी कधी तेल बारीक भोकातून शिट्टी मारतं.” दुपारभर आम्ही दार वरखाली केलं. शिट्टी काही वाजली नाही. त्यांची गोष्ट नुकतीच ऐकली होती म्हणून मला भास झाला असेल. मीही स्वतःला तेच सांगते.

जाताना ते म्हणाले, “माझ्यासोबत एका घरी चलाल? एवढी वर्षं मी त्या दारात गेलो नाही. आवाजाची सबब सांगतो असं त्यांना वाटलं असतं.”

शहरात कमानिया गेटच्या मागच्या गल्लीत जोडीदाराची बायको राहते, साड्यांना फॉल-पिको करते. भाऊ उंबऱ्याबाहेरच थांबले. मीच दोन्ही गोष्टी सांगितल्या, त्यांची आणि माझी. तिने मशीन थांबवलं.

“घ्या म्हणाले? चिडून?”

“हो.”

ती भाऊंकडे वळली. “भाऊजी, त्या दिवशी सकाळी तुम्ही यांची तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी न विचारता संपवली होती ना? जाताना दुसरी पुडी खिशात टाकून मला म्हणे, आज विचारल्याशिवाय हात लावू देत नाही त्याला. चिडले की मलाही असंच म्हणत, घ्या, घ्या की, सगळं तुमचंच आहे.”

भाऊ तिच्याकडे बघतच राहिले. “म्हणजे त्याला वाटलं मी...”

“‘घेऊ का’ म्हणजे पुडी मागून राहिले, असं वाटलं असेल. दुसरं काय?”

“तोच बोलला, वहिनी?”

“हाव, तेच बोलले. आणखी कोण बोलणार?” तिने पदर तोंडाला लावला. “आधी आले असते तर आधीच सांगितलं असतं. काहून नाही आले तुम्ही?”

भाऊ आत आले आणि जमिनीवर, कापडाच्या चिंध्यांमध्ये बसले. बाहेर ऑटोवाले सवाऱ्यांसाठी ओरडत होते.

त्यानंतर ते कुठल्याच शेतावर गेले नाहीत. नंबर बंद आहे. कोणी म्हणतं वर्ध्याला मुलीकडे आहेत, कोणी आणखी काही सांगतं. त्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी माझा निरोप घेऊन ते गर्दीत शिरले, तेव्हा त्यांच्या पँटला मागून लाल-हिरवे दोरे चिकटलेले होते. मला सांगायचं होतं, पण ते दूर गेले होते.