आवाज निघाला होता

“पोटातून बे, पोटातून! नरड्यातून काय कोंबडीवानी ओरडून राहिला?”

असं म्हणत आमचा कोच स्वतःच्याच पोटावर थाप मारायचा. संध्याकाळी अकोल्यात आमच्या मैदानाशेजारून तुम्ही कधी गेला असाल, तर हे तुम्हीही ऐकलं असेल. गोलात पोरं उभी, चेंडूचा पत्ता नाही, आणि सगळी मिळून बोंबलतायत, “छोड!”

फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगतो. गोलकीपर चेंडू घ्यायला पुढे निघाला, की आधी आपल्याच गड्यांना ओरडून सांगतो, छोड, हा माझा. मग पुढच्या गड्यानं बाजूला व्हायचं. खेळातलं हे अगदी बालवाडीचं कलम. पण आमचा हा कोच पहिले पंधरा दिवस पोरांना चेंडूला हातच लावू द्यायचा नाही. नुसतं ओरडणं. एका पोराचा बाप वैतागून म्हणाला, “भाई, पोट्टं फुटबॉल शिकाले टाकलं का भाजी विकाले?”

हा शांतपणे म्हणाला, “पकडता सगळ्याईले येते. सांगता येत नाही.”

स्वतः मात्र काय पकडायचा! तरुणपणी आम्ही एकाच संघात. तो गोलात, मी त्याच्या पुढे बचावाला. परातीएवढे हात. भेगा पडलेल्या काळ्या मातीवर असा झेपावायचा, की कोपरं बारा महिने सोललेली. घरी जाऊन हळद लावायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. विदर्भाच्या संघात हा जाणारच, हे आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मग अमरावतीशी सामना झाला. निवड करणारी माणसं बघायला आलेली. शेवटची पाच मिनिटं, बरोबरी. उंच चेंडू आला. हा पुढे धावला, मीही उडी मारली, आणि माझ्या डोक्याला लागून चेंडू आमच्याच रिकाम्या गोलात! हरलो. तो म्हणाला, मी आवाज दिला होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “नाही बा. मले काही आयकू आलं नाही.”

ऐकू आलं होतं. चांगलं खणखणीत. पण त्या माणसांसमोर मलाच हिरो व्हायचं होतं, आणि नंतर शब्द मागे घ्यायची हिंमत झाली नाही. त्याची निवड हुकली. ऐन वेळी याचा आवाज निघत नाही, हा शिक्का बसला तो बसलाच. पुढच्या वर्षी आमच्या संघातूनही गेला. मी खेळ सोडून वकील झालो. तो दिवसा सायकलच्या दुकानात बसू लागला, संध्याकाळी पोरांना शिकवू लागला. पस्तीस वर्षं आम्ही एकाच टपरीवर चहा प्यायलो आणि पस्तीस वर्षं मी हे गिळून बसलो. कोर्टात दुसऱ्यांचे साक्षीदार खोटे पाडण्यात माझी हयात गेली, बघा!

तीन वर्षांपूर्वी मैदानाला लागून राहणाऱ्या एका साहेबांनी आरडाओरडीची लेखी तक्रार केली. तो कागद घेऊन हा माझ्या ऑफिसात आला.

“वकील, उत्तर लिहून दे.”

“काय लिहू? ओरडणं कावून जरुरी आहे?”

“लिही ना, का ऐन टायमाले माहा आवाज निंघाला नव्हता. मले वाटलं निंघाला, पण नव्हता निंघाला. तू तर होताच तिथं. म्हणून पोट्ट्याईले शिकवून राहिलो.”

म्हणजे त्याला माझा संशयसुद्धा नव्हता! माझं त्यानं खरं मानलं आणि स्वतःच्या गळ्याला खोटं ठरवलं. मी पेन खाली ठेवला.

“भाई, निंघाला होता. मले आयकू आला होता. मी खोटं बोललो.”

आता हा ठोकणार, आणि ठोकायलाच पाहिजे, म्हणून मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो पुढे झुकला.

“पक्कं?”

“पक्कं.”

“कितीक जोरात?”

“अमरावतीच्या गोलकीपरनंही आयकला असंन.”

तो खुर्चीत मागे टेकला. “हरामखोर,” म्हणाला, आणि रडायलाच लागला. रडता रडता हसायला लागला. “म्हंजे मी बराबर होतो बे!”

मग मला स्कूटरवर मागे बसवून घरी नेलं आणि भाभींसमोर तेच पुन्हा बोलायला लावलं. दोनदा. भाभींनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबरच होतं त्यांचं. पण खरं सांगतो, परत येताना इतकं हलकं वाटत होतं, की ऑटो न करता पायीच आलो. तक्रारीचं उत्तर लिहायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवसापासून मैदानावरचं ओरडणं दहा मिनिटांवर आलं.

यंदा दिवाळीनंतर दोघं अमरावतीला लेकीकडे राहायला गेले. लेकीनं गाडी पाठवली होती. मी निरोप द्यायला गेलो. पिशव्या ठेवता ठेवता भाभी माझ्याजवळ थांबल्या.

“वकीलसाहेब, लगन झाल्यापासून हे झोपेत ओरडत. छोड, छोड. मले वाटे, कोणी यांचा गळा धरला का काय. तुमी घरी आले त्या दिवसापासून एकदा ओरडले नाही.”

मी त्यांच्या हातातली पिशवी घेऊन गाडीत ठेवली.

“मंग मलेच आठ दिवस झोप नाही आली,” त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या.

तो पुढच्या सीटवर बसला होता. मी खिडकीशी गेलो, तर तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला. मी उठवलं नाही.