फ्रिजकडची दक्षिण

वडिलांच्या वर्षश्राद्धाला पाटावर मी बसणार आहे, हे मी आईला महिनाभर आधी सांगितले. विचारले नाही, सांगितले. विचारले असते तर उत्तर देणारे बरेच निघाले असते आणि सर्वांचे उत्तर एकच असते: सिंधुदुर्गातून धाकटे काका येतील, सोबत त्यांचा मुलगा येईल, तो पाटावर बसेल आणि मी स्वयंपाकघरात वडे तळीन. मी एकुलती एक मुलगी आहे. वर्षापूर्वी स्मशानातही अग्नी चुलतभावानेच दिला होता. त्या दिवशी माझ्यात भांडण्याचे बळ नव्हते. त्या न झालेल्या भांडणाने मला वर्षभर स्वस्थ बसू दिले नाही.

'मग तुझा यावर विश्वास आहे का?' हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, म्हणून तो आधीच निकालात काढते. मी भौतिकशास्त्र शिकले. अंधेरीच्या एका कंपनीत मोजमापाच्या उपकरणांतल्या चुका शोधून दुरुस्त करण्याचे काम करते, आणि काही वर्षांत त्या विभागाची प्रमुख होण्याचा माझा स्पष्ट इरादा आहे. तीळ मिसळलेले पाणी कुठे पोहोचते, असे मला वाटत नाही. पण ते द्यायचेच ठरले असेल, तर देण्याचा पहिला हक्क कुणाचा, हा प्रश्न विश्वासाचा नाही.

आमच्या घरात दक्षिण ही दिशा नव्हती, तंबी होती. तिकडे पाय करून झोपायचे नाही. तिकडे तोंड करून दिवा लावायचा तो वर्षातून एकदाच, धनत्रयोदशीला, यमासाठी. सर्वांत कडक नियम जेवणाचा: ज्याचे वडील हयात आहेत, त्याने दक्षिणेकडे तोंड करून जेवायचे नाही. शाळेत असताना टीव्ही दिसावा म्हणून मी गॅलरीकडे तोंड करून बसले, की आई मला ताटासकट फिरवायची. "बाप जिवंत आहे ना तुझा? मग वळ." वडिलांना याची गंमत वाटे. आम्ही बोरीवलीला, त्यांचे ऑफिस मुंबईच्या दक्षिण टोकाला, फोर्टात. रोज सकाळी बूट घालताना ते मुद्दाम मोठ्याने म्हणत, "चला, निघालो दक्षिणेला!" आतून आई ओरडे, "सकाळी सकाळी जीभ आवरा हो जरा!" निम्म्या बोरीवलीचे पोट दक्षिणेवर चालते हे तिला ठाऊक होते; फक्त ते तसे बोलून दाखवायचे नव्हते.

मला त्या दिशेची बाजू घ्यावीशी वाटते. मुंबईच्या अक्षांशावर उन्हाळ्याअखेरचे आणि पावसाळ्याचे काही आठवडे सोडले, तर दुपारचा सूर्य दक्षिणेकडेच असतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात हिवाळ्यात जे ऊन येते, ते दक्षिणेच्या गॅलरीतूनच. आईचे निवडलेले गहू त्याच उन्हात तापले, माझे केस त्याच उन्हात वाळले. जिकडून घरात उजेड येतो, त्या दिशेला मरणाच्या नावे लिहून टाकायचे, हे मला कधीही पटलेले नाही.

डिसेंबरातल्या त्या दिवशी काका पहाटेच्या बसने आले आणि चहा संपायच्या आत विषयावर आले.

"गुरुजींका मी फोनार सांगलंय, माझो झील बसतलो म्हणान."

"मी बसणार आहे, काका."

"गो चेडवा, ह्या तुझ्या कंपनीतला काम न्हय."

मी चहाचे कप उचलले. चुलतभाऊ माझ्याच वयाचा; विरारला राहतो, सकाळीच येऊन पोहोचला होता; स्वभावाने सरळ. तो म्हणाला, "पप्पा, तिचे बाबा आहेत ना यार. बसू द्या ना."

गुरुजी अकराच्या ऐवजी बाराला आले. त्यांना पुढे मुलुंडला आणखी एक काम होते. "हल्ली मुली बसतात. माझी हरकत नाही. पण घरात काय ते ठरवून घ्या," असे म्हणून ते दर्भ सोडवू लागले. काका अट घालून मोकळे झाले: "ठीक हा. पण कायव चुकला, कायव वाद झालो, तर माझो झील उठान बसतलो. मगे माका सांगू नको."

म्हणजे माझ्याकडून एक चूक किंवा एक शब्द, आणि पाट गेला. मी मान हलवली. दिवसभर तोंड बंद ठेवायचे, असे मी स्वतःला बजावले.

ते अर्धा तासही टिकले नाही. गुरुजींनी दिशा पाहण्यासाठी मोबाइल काढला. जाड, पाकिटासारखे उघडणारे, चटकन चिकटून बंद होणारे कव्हर. त्यांनी ते उघडून फोन हातावर आडवा धरला, स्क्रीनवरचा काटा थोडा फिरला आणि स्थिरावला. "ही दक्षिण," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी पाट फ्रिजकडे तोंड करून मांडला.

आमचा फ्रिज राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूच्या भिंतीला आहे. म्हणजे सरळ पूर्वेला.

मी पाटावर बसले. समोर फ्रिजचे दार, त्यावर आईने लावलेली दूधवाल्याची चिठ्ठी. उजवीकडून गॅलरीतले ऊन थेट माझ्या कानावर पडत होते. कारण शोधायला मला एक क्षणही लागला नाही: त्या कव्हरच्या झडपेत चुंबक असतो आणि फोनमधले होकायंत्र बिचारे त्याच्याच दिशेला मान तुकवते. रोज असल्याच चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. इथे मात्र गप्प राहिले तर पाट माझा, आणि बोलले तर 'वाद झाला'.

मी हिशेब केला, आणि तो फार सोपा निघाला. गप्प राहून मिळालेली जागा ही मला दिलेली सवलत ठरली असती. मला सवलत नको होती. मी या विधीवर विश्वास ठेवत नसेन, पण करायला बसले तर तो चुकीच्या दिशेला करणार नाही. चुलतभाऊ बसला असता तर कदाचित चालून गेले असते. मी बसले होते, म्हणून चालणार नव्हते.

"गुरुजी, ही पूर्व आहे. दक्षिण गॅलरीकडे."

काकांना हेच हवे होते. "झाला सुरू! आता भटजीक शिकवतलंस? दिशा सांगूक होकायंत्र हा मां?"

"होकायंत्राला कव्हरमधला चुंबक फसवतोय. गुरुजी, फोन कव्हरमधून काढून बघा. आणि फोनवर विश्वास नसेल तर लादीवर बघा. साडेबारा वाजून गेलेत. मुंबईत या दिवसांत सूर्य याच वेळी बरोबर दक्षिणेवर येतो. ग्रिलच्या उभ्या गजांच्या सावल्या सरळ आत येतायत, दाराकडे. सावली उत्तरेला, तर सूर्य कुठे?"

चुलतभाऊ गॅलरीकडे बघून म्हणाला, "पप्पा, अंधेरी तिकडे आहे ना. साउथ फ्रिजमध्ये कशी जाईल?"

"तू गप रव!" काका उठले. "अट काय होती? वाद झालो. ऊठ गो तू. रे, तू बस थंय."

तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ होते. वर्षभरात मी तिचा आवाज इतका स्पष्ट ऐकला नव्हता.

"भावोजी, तुम्ही समोर धडधाकट उभे आहात. आणि स्वतःच्या मुलाला दक्षिणेकडे तोंड करून बसवताय? बाप जिवंत असताना? मी माझ्या मुलीला असं जेवायलासुद्धा बसू दिलं नाही कधी."

 मुलाच्या खांद्यावर ठेवलेला हात काकांनी मागे घेतला, जणू त्या हाताला चटका बसला. त्यांच्याच नियमाने त्यांचा मुलगा अपात्र ठरला होता, आणि तो नियम सांगणारी बाई स्मशानात एक अक्षर बोलली नव्हती.

गुरुजींनी दरम्यान कव्हर उतरवले होते. काट्याचे दक्षिण टोक गर्रकन फिरून गॅलरीवर थांबले. त्यांनी घसा साफ केला. "शास्त्रात सूर्यच प्रमाण," असे काहीतरी ते पुटपुटले आणि पाट स्वतः सरकवला. ऊन आता माझ्या तोंडावर आले. डोळे बारीक करावे लागत होते. मी ते बारीक केले, मिटले नाहीत.

उपरणे उजव्या खांद्यावर आले. गुरुजींनी पाणी, तीळ, दर्भ हातात दिले आणि मुलुंडच्या घाईत मंत्र सुरू केला. मी मागोमाग म्हणत गेले. गोत्र आले, वडिलांचे नाव आले, आणि त्याच्या आधी त्यांनी सवयीने उच्चारले: "पितृव्य." पितृव्य म्हणजे वडिलांचा भाऊ. काकांनी फोनवर सांगितले होते ना, पुतण्या बसणार म्हणून; गुरुजींच्या जिभेवर पुतण्याचेच नाते तयार होते.

मी थांबले. पाणी तळहातात होते, अंगठ्याच्या बाजूने एक थेंब निसटलाही. मागे काका हलल्याचे मला जाणवले.

"पितृव्य नाही, गुरुजी," मी म्हणाले. "पिता."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. या वेळी त्यांनी कुणाकडेही वळून पाहिले नाही.

"पिता," ते म्हणाले. "बरोबर. पहिल्यापासून म्हणा."

मी पहिल्यापासून म्हटले.