उरलेले साठ टक्के

माझा धाकटा भाऊ आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत होता, पण शाळेत त्याचं नाव होतं ते वेळापत्रकासाठी. कुठला वर्ग, कुठला शिक्षक, कुठली खोली, सगळं गणित तो एकटा जमवायचा. एका खोलीच्या दारात दोन वर्ग भांडत उभे राहिलेत, असं त्याच्या कारकिर्दीत कधी झालं नाही. मुलं त्याला तासिकासर म्हणायची. घरात मात्र साठी उलटली तरी तो छोटूच. मी त्याची ताई, आणि आम्हा दोघांच्या वर दादा.

माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे. फक्त कागदावर एकदा लिहिलं की जगाने ते ऐकलं पाहिजे, असं त्याला अगदी मनापासून वाटतं. बायकोच्या बाळंतपणाला दवाखान्यात जायचा रस्तासुद्धा त्याने आखून भिंतीवर चिकटवला होता. पोर झालं भलत्याच दिवशी, शेजाऱ्यांच्या स्कूटरवरून जावं लागलं. त्यावर त्याचं म्हणणं काय, तर आराखडा बरोबर होता!

निवृत्त झाल्यावर त्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली. आवाज नाही, धूर नाही, गिअर नाही. रात्री इमारतीखाली वायर लावायची, सकाळी गाडी भरलेली. शहरातल्या शहरात हे असं चैनीचं असतं. भाजी आणायलाही तो गाडी काढायचा आणि आल्यावर किती टक्के खर्च झाले ते आम्हाला फोन करून कळवायचा. गाडी शहराबाहेर मात्र कधी गेली नव्हती.

दादा वेल्डर. शाळा त्याने लवकर सोडली, म्हणून आम्ही दोघं शिकलो. ऐन तारुण्यात तो नदीवरच्या लोखंडी पुलाच्या कामावर होता. कमरेला दोर बांधून पाण्यावर लटकायचं आणि ठिणग्या उडवायच्या, तीन वर्षं हेच. वहिनी गेल्यापासून दादाचं बोलणं दोन शब्दांवर आलं होतं. 'हो' आणि 'असू दे'. पण बातमी आली की शेजारी नवा पूल झालाय, जुना आता सुरुंग लावून पाडणार, रविवारी दुपारी. त्या संध्याकाळी दादा जो बोलायला लागला तो थांबेचना. कुणाचा हातोडा पाण्यात पडला, कोण वर चढल्यावर रडायचं, सगळं. शेवटी म्हणाला, "उभा करताना होतो. पडताना पण असायला पाहिजे. आदल्या दिवशी बसने जातो, तिथेच कुठेतरी मुक्काम करतो."

"बसने?" छोटू म्हणाला. "दारात गाडी असताना? तुझे गुडघे बघ जरा. मी नेतो तुला. सकाळी निघू, दुपारच्या आत तिथे."

दादा 'असू दे' म्हणाला. तो नको म्हणतोय, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. छोटूला ते कळून घ्यायचं नव्हतं.

आठवडाभर तो फोनवरच्या नकाशात डोकं घालून बसला. मग छापील कागद गाडीत समोर चिकटवला. वाटेत दोन थांबे, दोन्हीकडे ऐंशी टक्के भरायचं, मग पूल. मी विचारलं, "आणि तिथलं मशीन बंद असलं तर?"

"ॲपवर हिरवं दाखवतंय, ताई. हिरवं म्हणजे चालू."

पहिल्या थांब्यावर पेट्रोलपंपाच्या कोपऱ्यात दोन मशीन होती. एकाचा पडदा काळाठिक्कर, वायर स्वतःच्याच गळ्याभोवती गुंडाळलेली. दुसऱ्याचा पडदा उजळलेला होता, पण त्याला भलत्याच कंपनीचं ॲप हवं होतं. छोटूने उन्हात उभं राहून ते उतरवून घेतलं, नाव घातलं, नंबर घातला, आणि ओटीपीची वाट बघत बसला. ओटीपी काही येईना. पंपावरचा माणूस लांबून बघत होता.

"दोन्ही बंदच आहेत साहेब. लोक येतात, बघतात, जातात."

"पण ॲपवर हिरवं आहे!"

"मग ॲपमध्येच लावा."

मी हसले. दादाही हसला. छोटूच्या तोंडचं पाणी मात्र पळालं होतं.

तिथून पुढे त्याने एसी बंद केला. खिडक्या उघडल्या तर हवेचा अडथळा होऊन चार्जिंग जास्त जातं म्हणे, म्हणून त्याही बंद. गाडी एका ट्रकच्या मागे धरली आणि त्याच्याच चालीने चालवली. दादा रुमालाने मान पुसत होता. नदीकडे जाणारी बस भोंगा वाजवत आमच्या शेजारून पुढे गेली. तिच्या खिडकीत लोक मजेत झोपले होते. छोटू आरशातून मागे बसलेल्या दादाकडे बघायचं टाळत होता.

दुसरा थांबा हायवेवरच्या एका हॉटेलापाशी. तिथलं मशीन चालू होतं, आणि त्याच्याच समोर कुणीतरी साधी पेट्रोलची गाडी लावून आत जेवायला गेलेलं. छोटू आत गेला आणि त्या गृहस्थाच्या टेबलाशी हात बांधून उभा राहिला. वर्गाला गप्प करणारा माणूस हा, पण मोठ्या माणसापुढे त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी मीच गेले. "भाऊ, तुम्ही जेवा सावकाश, किल्ली तेवढी द्या." तो ओशाळला, उठून गाडी काढली. एकदाचं आमचं घोडं गंगेत न्हालं.

आकडा चढायला लागला. मागे एक पार्सलची इलेक्ट्रिक व्हॅन येऊन थांबली. तिचा ड्रायव्हर खाली उतरला आणि आमच्या मशीनकडे डोकावून गेला.

"किती झालं?" दादाने विचारलं.

"साठ."

"पुरेल?"

छोटू कागदाकडे बघत होता. उत्तर ड्रायव्हरने दिलं. "काका, पूल बघायलाच ना? इथून जवळच आहे. साठात जाऊन परत इथे याल, वर उरेल. निघा, तिथे गर्दी झाली असेल."

"ऐंशी धरलंय आम्ही," छोटू म्हणाला. "तिकडे चार्जर नाही. मध्येच अडकलो तर काय?"

"चल ना रे," मी म्हटलं. मग आणखी एकदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही, कारण तो कागदावरचा ऐंशीचा आकडा बोटाने पुन्हा पुन्हा गिरवत होता. पहिल्या थांब्यापासून त्याच्या जिवात जीव नव्हता. भर रस्त्यात गाडी बंद पडलीय, आत म्हातारा भाऊ आहे आणि सगळे आपल्याला हसतायत, एवढंच त्याला दिसत होतं. घाबरला होता बिचारा, आणि त्या भीतीलाच नियोजन म्हणत होता. वर ही मशीनं अशी, की जसजसं भरत जाईल तसतशी मंदावतात. आकडे मुंगीच्या पावलांनी सरकायला लागले. दादा गाडीत जाऊन बसला आणि त्याने सीटबेल्ट लावून घेतला. तसाच बसून राहिला तो, गाडी उभी असताना, समोर बघत.

ऐंशी झाले तेव्हा निघालो. शेवटचा चढ चढून वर आलो तर समोरून माणसं चालत येत होती. पोरं खांद्यावर, पाण्याच्या बाटल्या हातात. सगळी परत येत होती. कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. खाली नदीवर धुरळा होता आणि पाण्यात लोखंड वेडंवाकडं पडलं होतं.

दादा उतरला आणि कठड्याला धरून उभा राहिला. मी गाडीतल्या आकड्याकडे पाहिलं. साठ. वीस टक्क्यांचा रस्ता होता तो. छोटूनेही पाहिलं, आणि मी बघतेय म्हटल्यावर आकड्यावर हात ठेवला. त्या क्षणी मला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. केलं काहीच नाही.

तो दादाच्या मागे जाऊन म्हणाला, "दादा, चुकलं माझं."

"चहा मिळतो का बघ," दादा म्हणाला.

चहावाल्याने मोबाइलवर सगळं टिपलं होतं. हात हललेला, निम्म्याहून जास्त धूळच. दादाने ते पुन्हा पुन्हा पाहिलं. परत येताना एसी सुरू होता.

पुढच्या आठवड्यात दादाच्या घरी सगळे जमलो. त्याच्या मुलीने विचारलं, "बाबा, बघितलात पूल?"

"बघितला की," दादा म्हणाला. "आधी मधला भाग खाली बसला, म्हातारं माणूस बसतं तसा, हळूच. मग आवाज आला. छोटूने अगदी समोर नेऊन उभं केलं होतं. गाडी असावी तर अशी."

छोटूने चहाचा कप न पिताच खाली ठेवला. मग शेजारी आले, त्यांनाही तेच. जावई आला, त्यालाही. दर खेपेला पूल थोडा जास्त डौलात पडायचा आणि दर खेपेला छोटूच्या गाडीचं कौतुक व्हायचं. छोटूने गाडी काढणंच सोडून दिलं. भाजीला पिशवी घेऊन चालत जायला लागला. एकदा माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, मला जेवण जात नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी सांगून टाकतो सगळ्यांना."

"सांग," मी म्हटलं. मलाही तेच योग्य वाटलं होतं.

मग एके दिवशी दादाचा पुलावरचा जुना जोडीदार आला. काठी टेकत, मुलाचा हात धरून. त्याला प्रवास झेपला नव्हता, म्हणून दादाच्या तोंडून ऐकायला आला होता. दादा खुर्ची पुढे ओढून सुरुवात करणार, तोच छोटू उठला. "दादा, थांब. मला आधी काहीतरी सांगायचंय."

"आत ये जरा," दादा म्हणाला.

स्वयंपाकघरात मी चहा गाळत होते. दादाने दार लोटलं. आवाज चढवला नाही. "पूल बघू दिला नाहीस मला. आता सांगूही देणार नाहीस?"

दादा बाहेर गेला. थोड्या वेळाने छोटूही गेला, आणि त्याच्या मागे ट्रे घेऊन मी.

जोडीदार पुढे वाकून ऐकत होता. मध्येच त्याने विचारलं, "आणि आपल्या बाजूचं? आपण जोडलं ते कधी पडलं?"

दादा अडखळला. चहावाल्याच्या मोबाइलमध्ये त्या बाजूला नुसती धूळ होती. त्याने छोटूकडे पाहिलं.

"तुमची बाजू शेवटपर्यंत उभी होती," छोटू म्हणाला. "बाकी सगळं पाण्यात गेलं होतं, तरी ती उभी होती. मी स्वतः बघितली."

म्हाताऱ्याने डोळे पुसले. दादा मान हलवत राहिला. तेव्हापासून ती गोष्ट दोघं मिळून सांगतात, आणि ती बाजू आली की सांगायचं काम छोटूचं असतं. सांगताना तो दादाकडे एकदाही बघत नाही.