डब्यातली हाक

माझ्या नवऱ्याने वावरासाठी पहिला रेडिओ मागवला तो थेट बाहेरदेशातून, आणि मागवून झाल्यावर मला फोन केला. "पाठवला बरं का. आता बाबाले जागलीचं टेन्शन नाही." पाठवला म्हणजे त्याने काही पाठवला नव्हता. पुण्याकडे कंपनीच्या खोलीवर गादीवर पडल्या पडल्या मोबाइलवर बोट दाबलं होतं. पाठवणारा कुठला तरी चीनमधला दुकानदार, आणि आला की नाही म्हणून कामरगावच्या पोस्टात खेटे घालणारी मी.

तूर शेंगांवर आली, हरभरा वीतभर झाला की आमच्या शिवारात रात्री कुणाला तरी जागलीला, म्हणजे राखणीला, वावरात राहावंच लागतं. रोही म्हणजे नीलगाई येतात, डुकरं येतात. एका रात्रीत असं करून ठेवतात की सकाळी बघवत नाही. म्हणून मचाण बांधायची, खाली शेकोटी करायची आणि खांबाला रेडिओ टांगायचा. माणसाचा आवाज आला की जनावर बिचकतं, म्हणून आमच्याकडे घरात नसेल पण वावरात रेडिओ असतो.

पण खरी राखण असते हाकेवर. दिवेलागणीला एक जण हाक देतो, मग धुऱ्यापलीकडचा, म्हणजे बांधाला लागून असलेला देतो, मग नाल्यापलीकडचा. अशी ती शिवारभर फिरते आणि पहाटेपर्यंत मधून मधून फिरतच राहते. ज्याची त्याची हाक वेगळी. अंधारात तोंड दिसत नाही, पण आवाजावरून कोण ते सगळ्यांना कळतं. एखाद्या वावरातून उलट हाक आली नाही, दुसऱ्यांदाही आली नाही, की शेजारचा माणूस काठी अन् बॅटरी घेऊन उठतो आणि जाऊन पाहतो. कुणाला साप चावलेला असतो, कुणी पिऊन पडलेला असतो, बहुतेक जण नुसते झोपलेले असतात आणि शिव्या खातात. हे कुणी ठरवलेलं नाही. आमच्याकडे असंच चालत आलं आहे.

माझा नवरा आधी दिवाळीला यायचा तो तूर घरात पडेपर्यंत राहायचा. जागल तोच करायचा. त्याची हाक लांबलचक, शेवटी वर चढणारी, आणि सासऱ्यांना तिचं फार कौतुक. मग कंपनीत पक्का झाला. एका साली सुट्टी नाही म्हणाला, पुढच्या साली ओव्हरटाइम आहे म्हणाला, त्याच्या पुढच्या साली काही म्हणायचीही गरज त्याला वाटली नाही. मी भांडले. फोनवर किती भांडणार? तो सरळ ठेवून द्यायचा.

मग वावरात जाणार कोण, तर सासरे. मी त्यांना मामाजी म्हणते. सत्तरी ओलांडलेला माणूस, छातीत कफ, बीपीची गोळी. मी म्हटलं, मी जाते. तर म्हणाले, "घरातली बाई मचाणीवर बसवू काय मी? लोक काय म्हनतीन?" लोक काय म्हणतील याची त्यांना काळजी, आणि लोकांनी म्हणावं असं करणारा पोरगा तिकडे पंख्याखाली. माझं एवढंच एक म्हणणं होतं, की थंडीच्या त्या दोन महिन्यांत त्याने यावं आणि म्हाताऱ्याने घरात झोपावं. दुसरं काही मी मागितलं नव्हतं. त्याच्याऐवजी पार्सलं यायला लागली.

पहिला रेडिओ आला तेव्हा तूर अर्धी निघाली होती. मामाजींनी तो फडक्याने पुसला, आत दिवाळीचा फराळ असावा इतक्या हौसेने बटन फिरवलं, आणि नुसती खरखर. तो रेडिओ कुठल्या दुसऱ्याच देशासाठी बनवलेला. त्याचा काटा नव्वदच्या पुढे जातच नव्हता आणि आमच्याकडे लागणारं स्टेशन नव्वदच्या पुढे. नवऱ्याने विकणाऱ्याला कळवलं. त्याचं उत्तर मोबाइलने मराठीत करून दिलेलं, ते यानं मला मोठ्या अभिमानाने पाठवलं. "प्रिय मित्र, तुमचा संयम आमचा आनंद आहे. कृपया पाच तारे द्या." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, त्या मित्रालाच बोलवा जागलीला.

"कारंज्याच्या बाजारात काय रेडिओ भेटत नाही?" मी विचारलं.

"तठीचे भंगार असते. याच्यात सोलर हाये, बॅटरी हाये, टॉर्च हाये, मेमरी कार्ड लागते. तुले काय समजते त्याच्यातलं?"

मला एवढंच समजत होतं, की कारंज्यातला रेडिओ घ्यायचा तर गावाकडे यावं लागतं.

दुसरा आला पुढच्या हंगामात. त्याला स्टेशन लागलं. पण थोडा वेळ वाजला की आपला आपण बंद पडायचा. बॅटरी वाचवायची सोय होती म्हणे, आणि ती काढायची कशी हे पुस्तकात चिनी अक्षरांत लिहिलेलं. मामाजींचा डोळा लागला, रेडिओही गप्प झाला आणि डुकरांनी बांधाकडचा सगळा हरभरा उकरला. सकाळी मामाजी नवऱ्याला फोनवर म्हणाले, "चांगला हाये रेडिओ. आवाज लय साफ हाये." मी बाजूला उभी होते. हरभऱ्याचं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. पोराला वाईट वाटू नये म्हणून हा माणूस डुकरांनाही पाठीशी घालायचा.

त्या हिवाळ्यात मामाजींचा आवाज बसायला लागला. हाक दिली की खोकला यायचा. धुऱ्यापलीकडच्या काकांना ऐकू जायची, नाल्यापलीकडे जायची नाही, आणि मग तिकडून कुणीतरी काठी घेऊन यायचं आणि मामाजींना लाज वाटायची. हे मी नवऱ्याला सांगितलं. मुद्दाम सांगितलं. म्हटलं, आता तरी ऐकेल.

त्यानं ऐकलं. आणि तिसरा रेडिओ मागवला.

तो कस्टममध्ये अडकला, सुटला, कुठे कुठे फिरून हंगामाच्या तोंडावर आला. काळा, विटेएवढा डबा, वर सोलरची पाटी. मागून कंपनीतल्या कुणाच्या तरी हातून एक मेमरी कार्ड आलं. त्यात नवऱ्याने स्वतःची हाक भरून पाठवली होती. एक हाक, मग बराच वेळ शांत, मग पुन्हा हाक. कार्ड संपलं की पहिल्यापासून. "सांजच्याले चालू करून द्या अन् घरी येऊन निजा," त्याने बापाला सांगितलं. "रातभर मीच जागल करतो."

मामाजींनी डबा अंगणात लावला. ती हाक घरात घुमली आणि मी हातातली परात तशीच ठेवून दारात आले. कितीतरी दिवसांत तो आवाज एवढा मोठ्याने या घरात आला नव्हता. फोनवर नेहमी घाईत, हळू, बाजूला कुणी असल्यासारखा. आणि इथे छाती भरून ओरडत होता, डुकरांसाठी. मामाजी मात्र हसत होते. जेवतानाही त्यांनी तो बंद करू दिला नाही.

पहिल्या सांजेला तो खांबाला टांगला आणि शिवारभरातून उलट हाका आल्या, नेहमीपेक्षा जास्तच. सकाळी धुऱ्यापलीकडचे काका तंबाखू मळत दारात हजर. "आला म्हन्ते पोरगा?"

"आला ना," मामाजी म्हणाले. "डब्यात आला."

काका हसले, मामाजी हसले, त्या दिवशी अख्खं गाव हसलं. पिठाच्या गिरणीवर बाया मला विचारायच्या, तुझा नवरा चार्ज झाला काय म्हणून. मीही हसत होते. काय करणार?

पण मामाजी घरी झोपायला येईनात. मी म्हटलं, "मामाजी, डबा हाये ना आता. मंग कायले जाता?" तर काठी शोधता शोधता म्हणाले, "त्याले एकट्याले काहून ठेवा तठी?" थट्टेतच म्हणाले. पण गेले. रोज गेले. स्वतः हाक द्यायचं मात्र त्यांनी सोडलं, कारण पोरगा देत होता. शेकोटीजवळ बसून ते ऐकत बसायचे. शेजारचेही सवयीने उलट हाक द्यायचे. डबा वाजतो आहे म्हणजे म्हाताऱ्याने तो लावला आहे, म्हणजे म्हातारा बरा आहे, असा साधा हिशेब. त्यात चूक काय काढणार? आमचा माणूस आवाजावरच विश्वास ठेवतो.

एका सकाळी मामाजी चहाला आले नाहीत. उशीर व्हायचा कधी कधी. मी झाडलोट केली, शेण काढलं, तरी आले नाहीत. मग मी वावरात गेले. दुरूनच हाक ऐकू आली, म्हणून माझी पावलंही जराशी सैल पडली, ते मला आठवतं.

मामाजी मचाणीच्या शिडीपाशी पडले होते. एक अंग गेलेलं. अर्धं तोंड वाकडं, डोळे उघडे, घोंगडं दवाने भिजून जड झालेलं. शेकोटी कधीची विझून गार झाली होती. एका हाताने त्यांनी माती उकरली होती, सरकायचा प्रयत्न केला होता बहुतेक. आणि वर खांबावर माझा नवरा ठणठणीत आवाजात ओरडत होता. मला बटन सापडेना. मी डबा ओढून काढला, त्यातलं कार्ड नखांनी उपसलं आणि मग स्वतःच ओरडले. ती हाक वगैरे नव्हती. पण काका आले.

जीपमध्ये मामाजींचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि काका पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. "आवाज येऊन राह्यला व्हता ना, बाई. रातभर येऊन राह्यला व्हता. म्हून आमी निजलो." डब्यातली हाक थांबली असती तर तेच पहिले धावले असते, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. अकोल्याला डॉक्टर म्हणाले, रात्रीच आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तीन-चार दिवस मामाजी तसेच पडून राहिले आणि गेले. एक शब्द बोलता आला नाही त्यांना.

नवरा आला. ज्याला दोन-तीन वर्षं सुट्टी मिळत नव्हती त्याला सगळे दिवस पुरतील एवढी मिळाली. रडला, खूप रडला, खोटं रडला असं मी म्हणणार नाही. पण मला त्याच्याजवळ बसवेना. तेरवीला आलेल्या सगळ्यांना त्याने हात जोडून सांगितलं, उद्या सकाळच्या गाडीने निघतो, ड्यूटी आहे. लोकांनी मान डोलावली. त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

सकाळी मी त्याची पिशवी भरून दारात ठेवली. त्याने ती उचलली नाही. गाडी गेली तरी ओट्यावर बसून राहिला. दुपारी कधीतरी म्हणाला, "तूर उभीच हाये. आज मी जातो जागलीले." मी म्हटलं, जा.

दिवे लागताना मी भाकर घेऊन वावरात गेले. त्याने शेकोटी पेटवली होती, नीट, पूर्वीसारखी. गार वारा होता आणि अशा हवेत शिवारातलं बोलणं लांबवर ऐकू येतं. पलीकडे काकांच्या वावरात जाळ दिसत होता, त्याभोवती दोघं-तिघं बसलेले दिसत होते. नवरा उठून उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि त्याने हाक दिली. तीच, लांबलचक, शेवटी चढणारी.

कुणी उलट दिली नाही.

तो थांबला, घसा खाकरला, पुन्हा दिली. जाळाजवळची माणसं हललीसुद्धा नाहीत. तिसऱ्यांदा देताना त्याचा आवाज फाटला. मग पलीकडून कुणीतरी बोललं. हाक नव्हती, आपसातलं बोलणं होतं, पण एकूण एक शब्द आला.

"बंद करा रे थो डबा. म्हातारं गेलं, तरी वाजूनच राह्यला."

नवरा माझ्याकडे वळला. जाळात त्याचं तोंड मला नीट दिसत होतं. "तू सांग ना त्यायले," तो म्हणाला. "सांग, मी हाये म्हून. तुहा आवाज तरी ऐकतीन ते."

मी भाकर मचाणीवर ठेवली आणि घराकडे चालू लागले.