डावा पाय आणि चिमूटभर मशेरी

स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी लग्न होऊन मी उरणजवळच्या या गावात आले. घर मिठागरावर राबणाऱ्यांचं. मी मराठी सातवी पास झालेली, पण त्याचं इथे कुणाला काडीचं कौतुक नव्हतं. मीठ ओढायला सातवी लागत नाही. सासऱ्यांना उजवा पाय नव्हता. ओटीवर बसून ते दिवसभर बिड्या ओढायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचे. पाय कशानं गेला, असं मी पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना विचारलं. “आमच्या घरान्यातच हाय त्ये,” त्या म्हणाल्या, “ह्यांच्या बापाचा पन गेलता.” एखादा दागिना पिढीजात चालत आल्यासारखं त्या सांगत होत्या.

शेजारीपाजारी दोष द्यायचे तो खाऱ्या पाण्याला. म्हणायचे, अनवाणी उभं राहून पाय सडतात. पण त्याच पाण्यात आम्ही बायकाही उभ्या असायचो. आमच्या टाचांना भेगा पडायच्या, त्यात मीठ गेलं की डोळ्यांत पाणी यायचं, पण पाय एकीचाही कापावा लागला नव्हता. गावातले पुरुष उठल्यापासून बिडी ओढत होते आणि बायका ओढत नव्हत्या, एवढाच काय तो फरक. बायकांकडे बघून काही शिकावं हे मात्र तेव्हा कुणाच्या डोक्यात यायचं नाही. माझ्याही आलं नाही.

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील. मिठागराच्या बांधावरून चालताना माझा नवरा मधेच थांबायला लागला. वय जेमतेम तेहतीस. थोडं चाललं की डाव्या पोटरीत गोळा यायचा, उभं राहिलं की जायचा. थांबल्याची लाज वाटायची म्हणून ते बिडी पेटवायचे, म्हणजे लोकांना वाटावं, गडी बिडीसाठी थांबलाय. असं करता करता आगरावर पोचेपर्यंत तीन-चार बिड्या व्हायच्या. पुढे खाडीतल्या कालवाच्या धारदार शिंपल्यानं त्याच पायाच्या अंगठ्याला जरा चीर पडली. हळद झाली, खोबरेल झालं, लिंबाचा पाला झाला. चीर भरेना, उलट तिच्या कडा काळ्या पडायला लागल्या.

मोऱ्याच्या बंदरातून लाँच धरून आम्ही मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेलो. डॉक्टर तरुण होता, पण त्याचा चेहरा आमच्याइतकाच दमलेला. त्यानं यांच्या पावलावर दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ नाडी शोधली. डाव्या पायाला ती सापडली नाही. मग त्यानं घरातल्यांची चौकशी केली. बापाचा पाय, आजोबाचा पाय, सगळं सांगून झालं.

“वडिलांकडून आलेलं मला काढून घेता येत नाही,” तो म्हणाला. “बिडी तुम्हाला सोडता येते. सोडलीत तर हा पाय कदाचित राहील. ओढत राहिलात तर जाणार, हे मी आजच सांगतो.”

परतीच्या लाँचवर अर्ध्या वाटेत हे एकदम म्हणाले, “तू मशेरी सोड, मी बिडी सोडतो.”

मला हसू आलं. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, कुटून डबीत ठेवलेली. सकाळी उठल्या उठल्या बोटानं दातांना लावायची, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. गावातल्या सगळ्या बायका लावायच्या. मीही लग्नानंतर शिकले आणि सासूबाईंच्या पुढे गेले. “त्यात काय हाय सोडन्यासारखं? सोडली,” मी म्हणाले. ही गोष्ट आमच्या दोघांतच राहिली. एवढा मोठा बाप्या बायकोशी सौदा करून बिडी सोडतोय, हे चारचौघांत सांगायचं तरी कसं?

सोडल्यावर कळलं, त्यात काय होतं ते. डोकं धरायचं, पोट साफ व्हायचं नाही, आणि चिडचिड तर अशी की तुळशीला पाणी घालतानाही मी कुणावर तरी तणतणत असायची. यांची अवस्था माझ्याहून वाईट. रिकामी बोटं एकमेकांवर घासत बसायचे. पण त्यांनी बिडीला हात लावला नाही. दोन महिन्यांत बांधावरचं थांबणं कमी झालं. तिसऱ्या महिन्यात अंगठ्याची जखम कडेनं सुकायला लागली. मी रोज ती धुवायची, रोज बघायची. खोटं कशाला बोलू? जखम भरत होती.

पावसाळ्यात आगर बंद झालं आणि आम्ही सगळे घरात अडकलो. एक दिवस शेजारणीनं तव्यावर मशेरी भाजायला घेतली. तो वास भिंतीवरून आमच्या चुलीपर्यंत आला आणि माझा धीर सुटला. चिमूटभर मागून आणली. एकदाच, असं स्वतःला बजावून. दुसऱ्या दिवशी परत आणली. मग भाताच्या कणगीत डबी लपवली. घरामागे जाऊन लावायची, खळाखळा चुळा भरायच्या, वर पेरूची पानं चावायची. आपण फार हुशार आहोत असं मला वाटत होतं.

महिनाभरानं मी यांना जेवायला वाढत होते. भात वाढताना माझा हात ताटावर गेला आणि यांची नजर माझ्या पहिल्या बोटावर थांबली. नखाच्या कडेला काळी रेघ होती. ते पानात वाढलेलं सगळं जेवले, हात धुतले, छत्री घेऊन बाहेर गेले. परत आले तेव्हा अंगाला बिडीचा वास होता. मी कोणत्या तोंडानं विचारणार होते?

दिवाळीच्या आधी अंगठा काळा पडला, मग पाऊल, आणि गुडघ्याच्या वरून पाय कापला. सासूबाई इस्पितळात आल्या होत्या. त्यांच्या तोंडाला लागायची गावात कुणाची टाप नव्हती. भात करपला म्हणून त्यांनी मला एकदा दोन महिने माहेरी धाडलं होतं. खाटेशी उभ्या राहून त्यांनी लेकाला विचारलं, “सोडलेली बिडी परत कशी रं धरलीस?” मी माझं बोट पदराखाली घेतलं. हे छताकडे बघत म्हणाले, “बिडीचं काय न्हाय, आये. रगतातच हाय. जानारच व्हता.” आणि मी, सातवी पास, ते निमूटपणे ऐकून घेतलं.

त्यानंतरची वर्षं मला धड वेगळी आठवतही नाहीत. यांच्या जागी मी आगरावर जायला लागले. सकाळी मीठ, दुपारी घर, संध्याकाळी यांच्या काखेत कुबडीनं पडलेल्या घट्ट्यांना तेल. सासरे गेले, सासूबाई गेल्या. दमणूक तेवढी राहिली. मशेरी मी यांचा पाय गेला त्या दिवशी सोडली. तेव्हा ती सोडायला काहीच त्रास झाला नाही, याचा मला अजून राग येतो.

माझा धाकटा दीर माझ्या लग्नात दहा वर्षांचा होता. मीच त्याला वाढवला. पुढे पंचविशी ओलांडल्यावर एका सकाळी बांधावर तो माझ्यापुढे चालत होता आणि मधेच थांबला. वाकून पोटरी चोळली आणि खिशातून बिडी काढली.

दुपारी तो जेवून ओटीवर बसला, तेव्हा मी त्याला बिडी सोड म्हटलं. तो हसला. “वैनी, आपल्या रगतातच हाय त्ये. दादाच सांगतो ना? मंग बिडी कशाला सोडायची?”

मग मी त्याला सगळं सांगितलं. लाँचवरचा सौदा, भरत आलेली जखम, कणगीतली डबी, काळं बोट. “रगतात असंल, न्हाय म्हनत न्हाय,” मी म्हटलं, “पन चार महिने त्यो पाय वाचत व्हता. माझ्या डोळ्यांनी बघितलाय मी.”

हे कोपऱ्यात कुबडी घेऊन बसले होते. नेहमीच्या सुरात म्हणाले, “तिचं काय ऐकतोस. जानारच व्हता पाय.”

लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. “मला वाचवू नका आता! मला वाचवलंत तर ह्याचा पाय जाईल.”

त्यांनी कुबडी भिंतीला टेकवली. मग भावाला म्हणाले, “खरं बोलते ती. सुकत आली व्हती जखम.”

दिराच्या हातातली बिडी पेटवायची राहून गेली. “मंग इतकी वर्सं सगळ्यांना खोटं का सांगितलंस, दादा?”

“आये व्हती तवा,” हे म्हणाले. “हिला या घरात नांदायचं व्हतं.”